घेतलेल्या दिवसांचा दर

(शाहू स्मारक भवन, दसरा चौक, कोल्हापूर येथील स्मृती व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. हयातभर त्यांनी फौजदारी बाजू पाहिली. त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे या सभागृहात पन्नास जण तरी आहेत, म्हणून मी गुणवर्णनात वेळ न घालवता विषयाला हात घालतो.

सुरुवात एका प्लॅस्टिकच्या पिशवीपासून करतो. मी वकिली करत होतो तेव्हाची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातला एक गडी माझ्याकडे आला. घरफोडीच्या गुन्ह्यात त्याला पहाटे उचलला होता. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला जामीन कोण राहणार? चौदा महिने आत काढले आणि मग निर्दोष सुटला. त्याच्या पिशवीत रेशनकार्ड होतं, दूध संस्थेचं पासबुक होतं, आणि निकालाची नक्कल होती. तिचं पहिलं आणि शेवटचं पान त्याने लॅमिनेट करून घेतलं होतं. म्हटलं, हे कशाला? म्हणाला, "गाडीच्या डिकीत ठेवतो साहेब. नाकाबंदीला दाखवाय बरं पडतंय."

आणि मग त्याने एक प्रश्न विचारला. "ही नक्कल काढायला माझे पैसे गेले. माझ्या बराकीतल्या एकाला शिक्षा झाली, त्याला त्याच दिवशी निकाल फुकट हातात दिला. असं का?"

मी त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं. खरं उत्तर सांगायची लाज वाटली. कारण कायदा तसाच आहे. आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत लगेच आणि मोफत द्यायची, असं कायद्यात लिहिलेलं आहे. त्याला अपील करायचं असतं, म्हणून ही सोय, आणि ती योग्यच आहे. पण निर्दोष सुटलेल्याने? त्याने अर्ज करायचा, फी भरायची आणि नकलेच्या खिडकीशी उभं राहायचं. तो निर्दोष आहे हा कागद त्याने विकत घ्यायचा.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, किरकोळ गोष्ट आहे, शे-दोनशे रुपयांची. बरं, मग दुसरी सांगतो, ती किरकोळ नाही.

समजा, एक माणूस खटला चालू असताना तीन वर्षं कच्चा कैदी म्हणून आत आहे. पुढे त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. आता त्याने किती भोगायची? दोन. आधीची तीन वर्षं वजा होतात. वकील मंडळी याला 'सेट-ऑफ' म्हणतात. दिवसन् दिवस मोजला जातो. अटक कुठल्या तारखेला, जामीन कुठल्या तारखेला, मधले दिवस किती, याचा तक्ता निघतो. आता तोच माणूस, तीच बरॅक, तीच तीन वर्षं, पण निकाल लागला निर्दोष. त्या एक हजार पंच्याण्णव दिवसांचं काय होतं?

काही होत नाही.

म्हणजे बघा, दोषी ठरलात तर तुमचे आधीचे दिवस सरकार तुमच्या खात्यात जमा धरतं. निर्दोष ठरलात तर तेच दिवस खात्यातूनच गायब. चोराच्या दिवसाला किंमत आहे, साधूच्या दिवसाला नाही. मला आज तुमच्यासमोर एवढं एकच म्हणणं मांडायचं आहे. सरकारने माणसाचे जे दिवस घेतले त्यांचा दर ठरला पाहिजे, आणि तो कायद्यात लिहिला गेला पाहिजे.

कोल्हापूरकरांना दर म्हणजे काय हे मी सांगायला नको. उसाला टनामागे शंभर रुपये कमी पडले तर आपण हंगामाच्या तोंडावर कारखान्यांची धुराडी थंड ठेवतो, महामार्ग अडवतो. रस्त्यासाठी जमीन घेतली तर? २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. बाजारभाव काढा, त्याला गुणक लावा, झाडं, विहीर, पाइपलाइन वेगळी धरा, आणि या सगळ्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्या. विहिरीची खोलीसुद्धा मोजली जाते. पण त्या विहिरीवर मोटर चालू करायला जाणारा माणूसच सरकारने पाच वर्षं उचलून नेला आणि मग 'चुकलं' म्हणून परत आणून सोडला, तर रेडीरेकनर कुठं बघायचा?

आता एक मोठं प्रकरण सांगतो. त्यावर जरा थांबावं लागेल.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. तिथल्या पाच जणांचा खून झाला. त्यात एक शाळकरी वयाची मुलगी होती, तिच्यावर अत्याचार झाला. आई आणि एक मुलगा तेवढे जगले. असं काही घडलं की सगळं राज्य हलतं आणि पोलिसांवर दडपण येतं, ते आपण समजू शकतो. त्या वाचलेल्या आईने दोन दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चौघांना ओळखलं. दंडाधिकाऱ्यासमोर ओळखलं. आता कुणालाही वाटेल की पोलीस त्या चौघांना पकडतील. तसं झालं नाही. खटला उभा राहिला तो वेगळ्याच सहा जणांवर. सहाही जण भटक्या जमातीतले, मजुरी करणारे.

जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. शेवटचा दरवाजा बंद झाला. पुढे त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचं निघालं. म्हणजे ज्याला फाशी द्यायचा अधिकारच नव्हता त्यालाही आपण दोरखंडाखाली उभं करून ठेवलं होतं.

मग पुनर्विचार अर्ज आला. सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, सगळं प्रकरण नव्याने ऐकलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्याच न्यायालयाने, त्याच कागदांवर, दहा वर्षांनी! मधल्या काळात नवा पुरावा आला नव्हता. अल्बममधून ओळखलेल्या चौघांची नोंद पहिल्या दिवसापासून कागदपत्रांत होती. फक्त ती नीट वाचली गेली २०१९ मध्ये. मला हे नेहमी विचित्र वाटतं, की आपल्याकडे सत्य सापडायला कधीकधी तपास लागत नाही, नुसतं वाचन पुरतं.

त्या निकालात न्यायालयाने दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. हे गरीब, भटक्या जमातीतले लोक होते, त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. चुकलेले अधिकारी शोधा, कारवाई करा. त्या चौघांबाबत पुढचा तपास करा. आणि राज्य सरकारने या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये चार आठवड्यांत द्यावेत.

पाच लाख. सोळा वर्षांचे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सोळा वर्षांचे दिवस झाले पाच हजार आठशे चाळीस, लीप वर्षं सोडून. पाच लाखांना त्याने भागा. दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये येतात. त्यातली तिघांची जवळजवळ तेरा वर्षं फाशीच्या छायेत. पहाटे बुटांचा आवाज आला की आपल्यासाठीच आला, असं समजून उठायचं. त्या पहाटेचे शहाऐंशी रुपये.

भागाकाराची सवय लागली की माणूस थांबत नाही, म्हणून आणखी तीन हिशेब सांगतो. बिहारमधला एक कैदी जून १९६८ मध्ये निर्दोष सुटला, पण प्रत्यक्ष तुरुंगाबाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. निर्दोष सुटल्यावर चौदा वर्षं आत! सरकारचं म्हणणं, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एकूण पस्तीस हजार रुपये द्यायला लावले. दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. दुसरा, भोपाळला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा गोंड आदिवासी मुलगा. खुनाच्या आरोपात तेरा वर्षांवर आत राहिला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला बेचाळीस लाख द्यायला सांगितले. दिवसाला साडेआठशेच्या आसपास. तिसरे इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन. हेरगिरीच्या खोट्या आरोपात १९९४ मध्ये अटक, पन्नास दिवस कोठडी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख दिले, पुढे केरळ सरकारने एक कोटी तीस लाख दिले. नुसते न्यायालयाचे धरले तरी दिवसाला एक लाख.

हा शेवटचा हिशेब नारायणन यांच्यावर थोडा अन्याय करणारा आहे, हे मान्य करतो. त्यांची भरपाई पन्नास दिवसांची नव्हती. उद्ध्वस्त झालेल्या कारकिर्दीची आणि पाव शतकाच्या बदनामीची होती, आणि ती कमीच होती. पण माझा मुद्दा वेगळा आहे. सात रुपये, शहाऐंशी रुपये, साडेआठशे, एक लाख. हे आकडे कुठून आले? कुठल्या तक्त्यातून? तक्ताच नाही. त्या दिवशी समोर कोण न्यायमूर्ती होते, वकील कोण उभा होता, माणसाचं नाव पेपरात किती आलं होतं, यावर हे ठरलं. शास्त्रज्ञाचा दिवस आणि भटक्या मजुराचा दिवस, दोघांचाही चोवीस तासांचाच ना?

इथे एक आपल्या घरची गोष्ट सांगतो. या भरपाईच्या इतिहासात दोन मराठी सरन्यायाधीश समोरासमोर उभे आहेत. पहिले साताऱ्यात जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. १९६४ साली त्यांच्यापुढे मेरठचं एक प्रकरण होतं. पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त केलं. मालखान्यातून हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सराफ म्हणाला, माझं सोनं सरकारने द्यावं. निकाल लागला की पोलिसांचं काम हे सार्वभौम सत्तेचं काम, त्यात झालेल्या नुकसानीला सरकार जबाबदार नाही. गजेंद्रगडकरांना स्वतःलाच हे रुचलं नव्हतं. कायदेमंडळाने यावर कायदा करावा, असं त्यांनी निकालातच सांगितलं. दुसरे पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. मघाचं बिहारचं प्रकरण त्यांनीच १ ऑगस्ट १९८३ रोजी निकाली काढलं. नुसतं 'सोडा' म्हणणं पुरेसं नाही, मूलभूत हक्क मोडला तर सरकारने त्याचे पैसे मोजले पाहिजेत, हे या देशात पहिल्यांदा त्यांनी ठणकावलं. रक्कम तुटपुंजी होती, दार मात्र त्यांनी उघडलं.

पण दार कुठलं? रिट याचिकेचं. त्या दारातून जायचं तर उच्च न्यायालय गाठा, वकील द्या, हक्क मोडल्याचं सिद्ध करा, आणि मग न्यायालयाच्या मनात आलं तर पदरात काही पडेल. तालुक्याच्या कोर्टात काय मिळतं म्हणाल, तर विनाकारण अटक झाल्यास भरपाईची एक तरतूद आहे. जुन्या संहितेतही होती, १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कमाल मर्यादा किती माहिती आहे? एक हजार रुपये. आणि तेही पोलिसांनी द्यायचे नाहीत, ज्याच्या सांगण्यावरून पकडलं त्याने द्यायचे. कायद्याची नावं बदलली, कलमांचे नंबर बदलले, हजार रुपये तसेच राहिले.

सरकारला हे माहीत नाही का? माहीत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने विचारल्यावरून विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच विषयावर २७७ वा अहवाल दिला. जिल्ह्याजिल्ह्यात विशेष न्यायालयं नेमा, पैसे द्या, पैशाबरोबर समुपदेशन द्या, कामधंद्याचं शिक्षण द्या, बदनामी पुसायला मदत करा, असं सगळं त्यात आहे. १५ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूच्या एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा या कायद्याच्या अभावावर बोट ठेवलं. गजेंद्रगडकरांपासून मोजा. साठ वर्षं झाली. कायदा नाही.

आता आक्षेपांकडे येतो. समोरच्या रांगेत पोलीस खात्यातून निवृत्त झालेले काही स्नेही बसलेत. त्यांच्या चेहऱ्यावर मला मघापासून एक प्रश्न दिसतोय. "साहेब, सुटलेला प्रत्येक जण निर्दोष असतो का हो?"

नसतो. मी चाळीस वर्षं कोर्टात काढली, मला ठाऊक आहे. साक्षीदार फुटतात, पंच उलटतात, संशयाचा फायदा मिळतो. अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात निर्दोष सुटलेल्यांनी २०१६ मध्ये भरपाई मागितली तेव्हा हीच भीती पुढे आली, की उद्या सुटलेला प्रत्येक जण दावा ठोकेल. विधी आयोगानेही या भीतीपोटी अट घातली, की खटला वाईट हेतूने किंवा प्रामाणिकपणा सोडून चालवला गेला, हे दाखवावं लागेल. माझा आयोगाशी मतभेद इथेच आहे. नाशिकच्या त्या सहा मजुरांनी पोलिसांच्या मनातला हेतू कसा सिद्ध करायचा? अल्बमची नोंद कागदपत्रांत तशीच पडून राहिली हे कळायला देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला सोळा वर्षं लागली.

जर्मनीत काय करतात पाहा. निर्दोष सुटलात की कोठडीतल्या प्रत्येक दिवसाचे पंच्याहत्तर युरो. आर्थिक नुकसान वेगळं. स्वतःच जाणूनबुजून ओढवून घेतलं असेल तर ते कापून घेण्याची सोय आहे. हेतू-बितू कुणी विचारत नाही. जपानमध्येही दर कायद्यात लिहिलेला आहे, दिवसाला कमाल साडेबारा हजार येन. इवाओ हाकामाता नावाचा मुष्टियोद्धा तिथे १९६६ मध्ये पकडला गेला, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निर्दोष ठरला. जगात इतका काळ फाशीच्या छायेत कुणी काढला नसेल. बहिणीने आयुष्यभर त्याच्यासाठी लढा दिला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्याची भरपाई ठरवली. २१ कोटी ७३ लाख ६२ हजार ५०० येन. आपले साधारण बारा कोटी. या आकड्याच्या शेपटाकडे बघा. इतका अवघड आकडा का? कारण त्यांनी दिवस मोजले. सतरा हजार तीनशे एकोणनव्वद दिवस, गुणिले साडेबारा हजार. गोळाबेरीज नाही की अंदाजपंचे नाही. म्हाताऱ्याचा एकही दिवस त्यांनी खाल्ला नाही.

पैशाने आयुष्य परत येतं का, असं कुणीतरी विचारेलच. येत नाही. जमिनीचे पैसे मिळाले म्हणून जमीन परत येते का? तरी आपण घेतोच की.

आणखी एक बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. नाशिकच्या त्या आईला काय मिळालं? तिने फोटोवर बोट ठेवलं होतं. मुंबईत ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये सात स्फोट झाले, एकशे ऐंशीहून जास्त माणसं गेली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. त्यातला एक जण निकालाआधी चार वर्षं नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला. सर्वोच्च न्यायालयात ते प्रकरण अजून आहे, म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही. एवढंच विचारतो, की ज्यांची माणसं त्या डब्यात मेली त्यांनी एकोणीस वर्षांनी कुणाकडे बघायचं? चुकीचा माणूस पकडला की फिर्यादीची फसवणूक होते, हे आपण बोलतच नाही. आरोपीच्या बाजूने बोलणारा फिर्यादीच्या विरुद्ध, अशी आपली समजूत.

आणि हे चुकीचे लोक नेहमी कुठल्या पालावरून येतात, हेही बोललं पाहिजे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. जन्मताच गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, कागदावर. आपल्या कोल्हापुरात मात्र त्याआधी कितीतरी वर्षं त्यांची हजेरी बंद झाली होती! हजेरी म्हणजे काय, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. रामोशी, बेरड, महार, मांग यांनी गावकामगारापुढे जाऊन 'मी इथेच आहे, कुठं चोरी करायला गेलो नाही' हे दाखवायचं. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी आपल्या पदरी कामावर ठेवलं, आणि तेही राखणीच्या. ज्यांना जग चोर म्हणत होतं त्यांच्या हाती राखण! ज्या महाराजांच्या नावाच्या या वास्तूत आपण बसलोय, त्यांच्या जिल्ह्यातला एक गडी आजही डिकीत लॅमिनेट केलेला निकाल घेऊन फिरतो. हजेरी बंद झाली, असं म्हणवत नाही मला.

शेवटचा मुद्दा, आणि तो वकील मित्रांसाठी. चाळीस वर्षांहून जास्त काळ सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी लढा दिला. किती उपोषणं, किती बहिष्कार. आमच्या पक्षकारांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात किती रात्री काढल्या, आणि सकाळी मुंबईला पोहोचल्यावर कळायचं, तारीख पडली. १७ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभं राहून रडलो, सांगायला लाज नाही. पण आता प्रश्न असा आहे, की बेंच आलं ते कशासाठी वापरायचं? चंद्रचूडांनी उघडलेलं ते दार आता मुंबईला नाही, इथे, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांतून वर्षाकाठी किती जण निर्दोष सुटतात? त्यांपैकी एकाने तरी त्या दारावर थाप मारली का?

कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल. तोवर एक काम इथूनच करता येईल. सेट-ऑफसाठी कोठडीतले दिवस कोर्ट नाहीतरी मोजतंच. पुढच्या वेळी तुमचा पक्षकार निर्दोष सुटेल तेव्हा पेढे वाटायच्या आधी उभे राहा आणि न्यायाधीशसाहेबांना एक विनंती करा. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात, 'निर्दोष मुक्त करण्यात येत आहे' या वाक्यानंतर, तो किती दिवस आत होता तेवढा एक आकडा लिहा म्हणावं. त्या अर्जाला स्टॅम्प लागला तर तो मी देईन.